पाचव्या ठिकाणचा रकाना

फोन सकाळी सातला आला. मी यवतमाळच्या घरी चहा गाळत होते. काका सहसा फोन करत नाहीत. केलाच तर जाळ्यात एखादा वेगळा मासा आला म्हणून, आणि तेव्हा त्यांचा आवाज हसरा असतो. त्या दिवशी नव्हता.

"बाई, डोह उलटला," ते म्हणाले. "सप्पा मासे वर आले. झिंगे, खेकडे, वाम, काई राह्यलं नाई. लोकं म्हणून राह्यले का मीच दवाई टाकली."

"टाकली का तुम्ही?" मी विचारलं.

आजही तो प्रश्न आठवला की मला स्वतःचा राग येतो. पण आमच्या भागात पिकावर मारायचं औषध डोहात ओतून मासे मारणारे लोक आहेत, हे मला ठाऊक होतं, आणि माझं तोंड डोक्याच्या आधी चालतं. 

"तू ये," काका म्हणाले. "आजच ये. परवा रविवारी सभा हाये. माह्यं जाळं नेलं त्याइनं."

काकांचं आणि माझं रक्ताचं नातं नाही. झरी जामणी तालुक्यात आमचं गाव आहे. गावाला लागून एक नाला वाहतो आणि गावाच्या खालच्या अंगाला त्याचा डोह होतो, मे महिन्यातही न आटणारा. काका त्या डोहात जाळं टाकतात; त्यांचे वडीलही टाकायचे. मी कास्तकाराची मुलगी, घरी शेती. लहानपणी काठावर बसून त्यांच्या जाळ्यात काय आलं ते बघायचे, नावं विचारून विचारून त्यांना भंडावून सोडायचे. पुढे शिकायला बाहेर पडले आणि गोड्या पाण्यातले जीव हाच माझा विषय झाला. आता कॉलेजात शिकवते, आणि अकरा वर्षं झाली, दर महिन्याला एकदा गावी जाऊन त्याच नाल्याची तपासणी करते.

तपासणी म्हणजे फार मोठं काही नाही. वरच्या जंगलापासून डोहापर्यंत मी सात ठिकाणं ठरवली आहेत. पहिलं जंगलात, सातवं डोहाच्या तोंडाशी. प्रत्येक ठिकाणी पाण्यातले ठरावीक दगड उचलायचे, उलटे करायचे आणि खालच्या बाजूचे किडे मोजायचे. मासा पोहून जातो, पण दगडाखालचा किडा सहसा जागा सोडत नाही. पाण्याची तब्येत बघायची तर त्यालाच विचारावं लागतं. त्यात एक अळी असते, ती वाळूचे कण एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती इवलंसं घर बांधते आणि ते घर दगडाला पक्कं डकवते. काका तिला घरवाला म्हणतात. तिचं लॅटिन नाव मी त्यांना एकदा सांगितलं होतं. "हे काय नाव हाये का," म्हणून त्यांनी ते तिथंच सोडून दिलं.

काका दर वेळी माझ्याबरोबर असतात. त्यांना मोजणीत रस नाही, पण कोणता दगड पुरात सरकला, कुठे नवीन कपार पडली, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. फक्त मोजताना मध्ये बोललेलं मला चालत नाही. आकडा तुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि मी आहे तापट. सुरुवातीला एकदोनदा त्यांच्यावर खेकसले असेन. मग आमचं ठरून गेलं: मी डावा हात वर केला की गप्प. तोंडात आलेला शब्द ते गिळायचे आणि बिडी पेटवायचे. नंतर "काय म्हणत होते काका?" असं विचारलं तर "काई नाई, जाऊ दे," म्हणायचे.

मोजणी झाली की फॉर्म भरायचा. पाण्याचं तापमान, खोली, तळाला वाळू की दगड, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: काठावर माणसाचा काही वापर दिसतो का. धुणं, गुरं, रेती, औषधाची भांडी, असलं काही. हा रकाना मी उभ्याउभ्याच भरते.

त्या शुक्रवारी मी कॉलेजात रजा टाकली आणि बाटल्या, बर्फाचा डबा, जाळी, वही एवढं घेऊन एसटीत बसले. राजूरच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकांमागे गाडी अडकली आणि अर्धा तास हललीच नाही. खिडकीच्या कडेवर काळी भुकटी साचत होती. पाण्यातलं विष वाहून जायला वेळ लागत नाही, हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी त्या अर्ध्या तासात ड्रायव्हरला, ट्रकवाल्यांना आणि खुद्द कोळशाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

फाट्यावर दादा मोटरसायकल घेऊन उभा होता. माझा मोठा भाऊ. शेती तोच बघतो. माणूस अबोल, कामात चोख. फवारणीचे दिवस असले तरी बहिणीला घ्यायला यायला चुकत नाही.

"म्हातारा असं करन, असं वाटत नवतं," तो गाडी चालू करत म्हणाला.

"कोणी पाह्यलं त्याईले करताना?"

"पाह्यलं नाई. पण पहाटे जाळं त्याचंच होतं डोहात. आन् आपल्या शेजाऱ्याच्या दोन बकऱ्या मेल्या पाणी पिऊन. लोकं लय तापले हायेत."

डोहाचा वास वळणावरूनच आला. पाण्यावर मासे पांढऱ्या पोटांनी तरंगत होते, काठाच्या चिखलात झिंगे पसरले होते. कावळेसुद्धा लांब झाडावर बसून होते, खाली उतरत नव्हते. काका काठावरच्या खडकावर बसले होते, हात मांडीवर ठेवून. जाळ्याशिवाय त्यांचे हात मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्याभोवती चारपाच जण उभे होते आणि त्यात सरपंचबाई होत्या.

"बरं झालं आली," सरपंचबाई म्हणाल्या. "तू यातली शिकलेली हायेस. रविवारी सभेत रिपोट दे. यानंच केलं असन तं पंचायत ठराव घेऊन डोह बंद करन याच्यासाठी, आन् ठाण्यात बी नाव जाईन. नसन केलं तं कोनं केलं, थे सांग."

"पाणी नागपूरला तपासाले पाठवा लागते. दिवस लागतीन."

"दिवस नाई हायेत. ज्याच्या बकऱ्या मेल्या थो आजच हात उचलून राह्यलता."

 काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळी फोनवर मी जो प्रश्न विचारला होता, तो आमच्या दोघांच्या मध्ये पडून होता.

मी बाटल्या भरल्या, बर्फात ठेवल्या, दादाच्या हाती वणीच्या एसटीसाठी दिल्या. नागपूरच्या प्रयोगशाळेत माझा जुना विद्यार्थी आहे, त्याला फोन केला. मग वही उघडली आणि सातव्या ठिकाणाचा पहिला दगड उचलला.

दगडाखाली घरवाल्यांची घरं होती, नेहमीसारखी डकवलेली. मी चिमट्याने एक उघडलं. अळी आत मेलेली होती, मऊ पडलेली. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळ्या मेलेल्या. ज्या किड्यांना घर नसतं ते मरून वाहून गेले होते, पण घरवाले कुठे जाणार? ते आहेत तिथेच मेले होते. आणि तेवढ्यात मला एक गोष्ट लख्ख दिसली, जिचा विचार सकाळपासून माझ्या डोक्यात यायला हवा होता. काकांनी औषध टाकलं असेल तर ते डोहात टाकलं असणार. पाणी उलटं वर चढत नाही. डोहाच्या वरचे किडे जिवंत असायला हवेत.

"काका, वर चला," मी म्हणाले.

ते उठले. आम्ही सहाव्या ठिकाणी गेलो. मी दगड उलटला. मेलेले. दुसऱ्या काठाचा दगड उलटला. मेलेले.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच पाण्यात उभी राहून मोठ्याने म्हणाले, "काका, तुम्ही सुटले! वरून आलं हे. वरून!"

काका हसले नाहीत. त्यांनी वरच्या अंगाला पाहिलं आणि म्हणाले, "आजच्या दिवस बस कर ना, बाई. घरी जाय. दमली असशीन."

मला वाटलं, माणूस थकलाय. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी जाते. पण त्यांनी मला एकटीला सोडलं नाही, मागेमागे येत राहिले.

सहाव्यापासून पाचव्यापर्यंत वीस-वीस पावलांवर मी दगड उलटत गेले. प्रत्येक दगडाला मेलेली घरं. एका बाजूला जंगल, सागाची दाट रांग, तिथे शेत नाही, फवारणी नाही. दुसऱ्या बाजूला शेतं. पहिलं सोसायटीच्या माजी अध्यक्षांचं, दुसरं एका विधवा बाईचं, तिच्या तुरीला तिने औषध मारलेलंच नव्हतं. आणि मग आमचं. मी दगड उलटत होते आणि शेतांचे धनी मोजत होते. अध्यक्षांच्या शेतापाशी मेलेले मिळाले तेव्हा मनात आलं, बरं झालं, याच माणसानं केलं असेल. पण त्यांच्या वरच्या बाजूलाही मेलेलेच होते.

पाचवं ठिकाण आमच्या शेताच्या काठावर आहे, एका जुन्या करंजीच्या झाडाखाली. तिथल्या दगडांखालीही सगळे मेलेले.

 आमच्या शेताच्या वर आणखी एक शेत होतं, त्याच्या पुढे चौथं ठिकाण. मी देवाला मानत नाही, पण त्या दोनशे पावलांत मी कोणाला तरी विनवत होते: वरचेही मेलेले असू दे. वैज्ञानिक म्हणवणारी बाई, अकरा वर्षं त्या किड्यांचं रक्षण करायला निघालेली, आणि ते मेलेले निघावेत म्हणून प्रार्थना करत होते.

चौथ्या ठिकाणी मी दगड उचलला. घरवाल्यानं घरातून डोकं काढलं आणि पाय हलवले. शेजारी दुसरा. दगडाच्या कडेने शेपटीला तीन केस असलेला एक किडा तुरुतुरु पळाला.

सगळे जिवंत होते.

मी खाली यायला लागले, दहा-दहा पावलांवर दगड उलटत. जिवंत, जिवंत, जिवंत. करंजीच्या झाडापर्यंत. झाडाच्या खालच्या अंगाला पहिला मेलेला दगड. आणि या दोन दगडांच्या मध्ये, काठावर, झाडाला टेकवून, आमचा निळा ड्रम उभा होता. प्लास्टिकचा, मोठा, आत औषध कालवायचा. त्याच्या बुडाखालून पाण्यापर्यंत मातीत ओला ओघळ गेला होता आणि ओघळातलं गवत पिवळं पडलं होतं.

तो ड्रम मला नवीन नव्हता. चार-पाच वर्षांपासून तो तिथेच होता. त्याच्या झाकणावर वही ठेवून मी या ठिकाणचा फॉर्म भरत आले होते.

मी वही उघडली आणि मागची पानं उलटली. पाचवं ठिकाण. काठावर माणसाचा वापर: नाही. मागचा महिना: नाही. त्याच्या मागचा: नाही. सहाव्या ठिकाणी अध्यक्षांच्या म्हशी पाण्यात बसल्या तर मी तेही लिहिलं होतं. विधवा बाईने घोंगडी धुतली तेही लिहिलं होतं. आमचा ड्रम मात्र मला कधी दिसला नाही, कारण तो आमचा होता. घरचं माणूस जसं घरात मोजायचं राहून जातं, तसं झालं होतं.

काका लांब उभे होते, पाठ करून.

घरी गेले तेव्हा दिवस मावळायला आला होता. दादा अंगणात पाय धूत होता. वहिनी चुलीपाशी भाकरी टाकत होत्या. मी चपलाही न काढता विचारलं, "दादा, बुधवारी-गुरुवारी फवारलं का आपन?"

"बुधवारी काढलतं. बोंडअळीसाठी. अर्धा ड्रम मारला आन् पानी आलं. राह्यलं तसंच."

"मंग त्याचं काय केलं?"

"कालवलेलं औषध राहते का? दुसऱ्या दिवशी सांडलं. ड्रम धुतला चांगला तीनदा. चन्याच्या वावरात तननाशक मारायचं हाये ना आता, थे बी त्याच ड्रमात कालवा लागते. धुतला नाई तं चना आखडते." आणि मग तो थांबला. पायावर तांब्या तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला समजायला फार वेळ लागला नाही.

"कुठं सांडलं, दादा?"

"करंजीखाली."

"नाल्यात?"

"आधी विहिरीपाशी धूत होतो ना मी," तो हळू आवाजात म्हणाला. "तूनंच तं मना केलतं."

मला आठवलं. अगदी सगळं आठवलं. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, मी त्या दिवशी एसटी गाठायच्या घाईत होते. शेतातल्या विहिरीच्या ओट्यावर दादा पंप धूत होता आणि मजूर बायका त्याच विहिरीचं पाणी पीत होत्या. माझं डोकं फिरलं. मी बायकांसमोर त्याला वाटेल ते बोलले. इथं नको, लांब नेऊन धू, कुठंबी ने पण इथं नको, असं म्हणाले आणि तरातरा निघून गेले. त्याने माझं ऐकलं होतं. ड्रम उचलून लांब नेला होता, जिथे धुवायला पाणी होतं तिथे.

"मी नाल्यात टाक म्हटलं होतं का?" मी ओरडले. खरं तर मला रडू येत होतं.

"नाई म्हटलं. पण कुठं टाक, हे बी नाई म्हटलं."

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटायची सोडून दिली. जळल्याचा वास यायला लागला.

"रविवारी बोलसीन सभेत?" दादाने विचारलं. त्यात धमकी नव्हती. तो फक्त विचारत होता, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. ज्याच्या बकऱ्या मेल्या तो माणूस आमच्या घराला लागून राहतो. आम्ही त्या गावात पिढ्यान् पिढ्या राहतो, आणि मी तर महिन्यातून एकदा येऊन दगड उलटून परत जाणारी. राहायचं दादाला होतं.

"माहीत नाई," मी म्हणाले. ते खरं होतं.

शनिवारचा अख्खा दिवस मी एक वाक्य घेऊन बसले होते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत निश्चित काही सांगता येत नाही. हे वाक्य खोटं नव्हतं. कोणत्याही परिषदेत ते शहाणपणाचं ठरलं असतं. गावानेही ते मानलं असतं, कारण मी शिकलेली. तोपर्यंत काकांचं जाळं पंचायतीत कुलपात पडलं असतं, डोह बंद झाला असता, ठाण्यात त्यांचं नाव गेलं असतं. आणि अहवालात नुसतं औषधाचं नाव आलं असतं, ते औषध गावातल्या निम्म्या घरांत होतं. कोणालाच काही झालं नसतं, काका सोडून. मी ते वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून पाहिलं. सुंदर दिसत होतं. मग मला स्वतःची इतकी किळस आली की मी ते पान फाडून चुलीत टाकलं.

दादा दिवसभर अंगणातच बसून होता. शेतातही गेला नाही.

रविवारी सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. काका खाली जमिनीवर बसले होते, काकू त्यांच्या मागे, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. टेबलाखाली त्यांचं जाळं गोळा करून टाकलेलं मला दिसलं. दादा कुठेच नव्हता. बकऱ्यांचा मालक उठून बोलायला लागला आणि काकांकडे बोट दाखवताना त्याचा हात जवळजवळ त्यांच्या चेहऱ्याला लागत होता. सरपंचबाईंनी त्याला बसवलं आणि मला म्हणाल्या, "सांग."

मी उभी राहिले.  मी दगडांचं सांगितलं. डोहातले मेलेले, त्याच्या वरचे मेलेले, त्याच्याही वरचे. पाणी वर चढत नाही, हे सांगितलं तेव्हा मागचे दोघंतिघं म्हातारे मान हलवायला लागले. मग मी म्हणाले, "पाचव्या ठिकाणापासून खाली सप्पा मेले हायेत. त्याच्या वर सप्पा जिवंत हायेत. तिथं एक ड्रम हाये. थो आमचा हाये."



मी वही उघडली आणि पाचव्या ठिकाणचा तो रकाना वाचून दाखवला. एक महिना, दुसरा महिना, तिसरा. नाही, नाही, नाही. "हे मी लिवलेलं हाये," मी म्हणाले. "ड्रमावर वही ठेवून लिवलं. काकाचा यात काई दोष नाई."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा दारात उभा होता. तो कधी आला मला कळलं नाही.

"दवाई मी सांडली," तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. "मासे मरतीन हे ध्यानातच नाई आलं माह्या. बकऱ्यांचं मी पाहतो." मग तो माझ्याकडे वळला. "पन तू तवा अर्धंच सांगतलं, बाई. लांब ने म्हटलं. आता पुरं सांग. इथं सप्पाईचे ड्रम हायेत. कुठं धुवाचे?"

पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी फवारणार होता. मी सांगितलं. लागेल तेवढंच कालवा. उरलं तर त्याच पिकाच्या कडेच्या ओळींवर मारून टाका. ड्रम धुतलेलं पाणी पण तिथेच, वावरातच, नाल्यापासून आणि विहिरीपासून लांब. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. अकरा वर्षं मी त्या गावात येत होते, आणि ही पाच मिनिटं मी कधी दिली नव्हती.

काकांना जाळं परत मिळालं. माफी कोणी मागितली नाही; बकऱ्यांचा मालक नुसता त्यांच्या शेजारून मान खाली घालून निघून गेला. दादाने त्याच दिवशी ड्रम उचलून वावराच्या मधोमध नेला.

मी काकांबरोबर डोहापर्यंत चालत गेले. जाळं त्यांच्या खांद्यावर होतं, पण टाकायला काही उरलं नव्हतं. किडे वरून वाहत येऊन पुन्हा वसायला महिने लागतील, मासे त्यानंतर, असं मी त्यांना सांगत होते. ते ऐकत होते.

"काका," मी शेवटी म्हणाले, "शुक्रवारी तुम्ही मला परत जाय म्हणत होते. तुम्हाला ठाऊक होतं?"

"डोये हायेत ना मले."

"मग बोलले का नाही? लोक अंगावर येत होते तुमच्या. निदान मला तरी सांगायचं."

काकांनी जाळं खडकावर ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"सांगतलं होतं, बाई. तुलेच सांगतलं होतं. दोन साल झाले. म्हटलं, या ड्रमाखाली झिंगे कमी होऊन राह्यले. तू मोजून राह्यली होती." आणि त्यांनी आपला डावा हात वर करून दाखवला.

त्या संध्याकाळी मी जुन्या वह्या काढल्या आणि दोन वर्षांमागची पानं चाळली. एका पानावर पाचव्या ठिकाणच्या मोजणीशेजारी मीच कंसात लिहिलं होतं: काका मध्ये बोलले, पुन्हा मोजलं. त्याखाली आकडा होता. मी तो दोनदा तपासला. मोजणी बरोबर होती.